कूलरसमोरची जागा

गिटारला नखं फुटली की मी समजतो, उन्हाळा लागला. होळी होऊन आठ-दहा दिवस झालेले असतात. दुपारी भिंतीवरची लाल इलेक्ट्रिक गिटार काढावी, डावा हात दांडीवरून सरकवावा आणि बोटाच्या कडेला काहीतरी ओरखडावं. दांडीचं लाकूड कोरड्या हवेनं आकसतं. तिच्यावर आडव्या ठोकलेल्या फ्रेटच्या पट्ट्या मात्र धातूच्या, त्या आकसत नाहीत. त्यांची टोकं केसभर बाहेर येतात. केसभरच, पण हाताला कळतं. मग मी बारीक कानस घेऊन एकेक टोक घासत बसतो, आणि माझी बायको सुनंदा आतून विचारते, "झाली का सुरू तुमची नखं कापणं?"

अकरा गिटारी आहेत माझ्याकडं. पाटबंधारे खात्यात नकाशे काढण्यात नोकरी गेली आणि उरलेला वेळ यांच्यात गेला. लोकांना वाटतं, मी शौकीन माणूस. शौक आहेच, नाही कशाला म्हणू? पण यातली एकही मी दुकानातून कोरी आणलेली नाही. लाल गिटार एका ऑर्केस्ट्रावाल्याची. त्याचं लग्न ठरलं आणि सासऱ्यानं आधी केस कापायला लावले, मग गिटार सोडायला लावली. काळी एका शिक्षकाची, त्याच्या हाताला कंप सुटला होता. पिवळीचा मालक पुण्याला नोकरीला गेला आणि 'नेतो नंतर' म्हणाला, तो अजून नेतोच आहे. म्हणजे काय, तर अकरा माणसांनी वाजवणं सोडलं तेव्हा माझी भिंत भरली. पाहुणे भिंतीकडं बघून 'वा' म्हणतात. दुपारी एकटा बसलो की मला मात्र ही भिंत कुणाच्या मयतीनंतर उठावण्याला जमलेल्या माणसांसारखी वाटते. सगळे जमलेत आणि बोलायला कुणीच सुरुवात करत नाही.

बारावी गिटार कपाटावर आहे, जुन्या चादरीत गुंडाळलेली. ती मोजण्यात धरत नाही, कारण ती माझी नाही.

ती गजूची. गजानन माझा मित्र, नागपूरच्या इतवारीत मोटर वाइंडिंगच्या दुकानात कामाला होता. बोहारणी, हातगाड्या आणि टेम्पो यांतून वाट काढत भांड्यांच्या गल्लीत शिरलं की शेवटी पत्र्याच्या छपराखाली ते दुकान होतं. जळालेल्या मोटरीतली काळी पडलेली तार उपसून काढायची आणि नवी तांब्याची तार भरायची, हे त्यांचं काम. पंख्याच्या मोटरी बारा महिने यायच्या, पण खरा हंगाम उन्हाळ्याचा. मार्च ते जून अख्ख्या नागपूरचे कूलर जळत आणि गजूला घास गिळायला सवड नसे. दुकानाच्या मालकांना तो उस्ताद म्हणायचा, नंतर त्यांनी दुकान त्याच्याच हवाली केलं. मी त्या दुकानात पहिल्यांदा गेलो तो कूलरची मोटर घेऊनच. मोटर टेबलावर ठेवून आम्ही तासभर गिटारबद्दल बोललो आणि मोटर तिथंच विसरून मी घरी आलो.

तेव्हा आम्ही विशीत होतो. मी जयंतीच्या कार्यक्रमांत आणि लग्नांच्या ऑर्केस्ट्रात दुसऱ्याची गिटार मागून वाजवायचो. जयंती एप्रिलात आणि लग्नं मे महिन्यात, त्यामुळं माझाही हंगाम उन्हाळ्याचाच. स्वतःची गिटार घेणं हे आमच्या घरात बोलण्याचासुद्धा विषय नव्हता. वडील रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात कंपाउंडर होते आणि दवाखान्यामागच्याच दोन खोल्यांत आम्ही राहायचो. एकदा मागून आणलेली गिटार बिघडली म्हणून गजूकडं नेली. त्यानं तारांखालचं, आवाज पकडणारं पिकअप उघडलं. आत चुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तार. बराच वेळ बघून तो हसायला लागला.

"अबे वसंता, हे तं वाइंडिंगच आहे!"

"मग?"

"मंग काय? हे मी भरतो ना. मोटरच्या वाइंडिंगमधून हवा येते, याच्यातून आवाज येईन. आपण गिटारच बनवू गा."

असा तो सरळ माणूस. जे हाताला येतं ते होतं, एवढंच त्याचं शास्त्र. सावनेरजवळ त्यांची थोडी शेती होती आणि धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, सागाची तीन झाडं होती. त्यातलं एक वादळात पडलेलं. त्याच्या फळ्या कापून गजूनं त्या दोन वर्षं दुकानाच्या मागं सावलीत रचून वाळवल्या होत्या, घरी दिवाण करायचा म्हणून. दिवाण राहिला बाजूला. बोटाच्या पेरानं फळीवर टकटक करत तो कान लावायचा. उस्ताद म्हणायचे, सागाला तीन उन्हाळे द्यावेत. गजू म्हणायचा, "दोन झाले ना गा. याचा आवाज आयक. वाळलं आहे."

हिवाळाभर तो रंधा मारत होता. दांडीत लोखंडी सळई बसवली, कुठल्याशा मोडक्या गिटारीच्या फ्रेटपट्ट्या काढून ठोकल्या, पिकअपला हजारो वेढे हातमशिनीवर एकेक करून दिले. मध्ये तार तुटली की पुन्हा पहिल्यापासून. मी बाजूला बसून सल्ले द्यायचो. फाल्गुनात गिटार तयार झाली. तिला रंग दिला नाही, नुसतं पॉलिश. पहिला सूर लावला तेव्हा दुकानात माल घ्यायला आलेला एक जण म्हणाला, "रेडिओ लावला का?" गजूच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे आलं ते मी नंतर कधी कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलं नाही. पोरगी झाली तेव्हाही नाही.

दोन ऑर्केस्ट्रांतल्या गिटारवाल्यांनी ती वाजवून पाहिली आणि अशीच एकेक आम्हाला पाहिजे म्हणाले. जूनमध्ये हंगाम संपला की येतो, तेव्हा ठरवू, म्हणाले. गजूनं लगेच आणखी दोन गिटारींचं लाकूड कापून ठेवलं. मोटरी बाजूला ठेवून गिटारी करायच्या, असं त्याच्या मनानं घेतलं होतं.

तोवर उन्हाळा आला. दुकानाचं छप्पर पत्र्याचं, दुपारी आत भट्टी. गजू गिटार घेऊन माझ्याकडं आला.

"इथं सुकून तडकन गा ही. उन्हाळाभर तुयापाशी ठेव. तुह्याघरी कूलर आहे."

आता नागपूरबाहेरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागेल. आमच्याकडं माया कूलरनं मोजतात. जावई आला, कूलरसमोर बसवा. बाळंतीण आली, तिची खाट कूलरसमोर. मेथीची जुडी, फुलांचा हार, तापाचं पोर, जे जे सुकू नये असं वाटतं ते आम्ही कूलरसमोर ठेवतो आणि निर्धास्त होतो. वाळ्याच्या ओल्या ताट्यांतून येणारी ती गार, मातकट वासाची हवा अंगावर आली की आम्हाला सगळं जगेल असं वाटतं. आमचा कूलरही गजूनंच जोडून दिलेला. त्याच्या समोरची जागा वडिलांची होती, दुपारच्या झोपेची. मी भांडून त्यातला हातभर कोपरा गिटारसाठी मिळवला. स्टुलावर ती उभी करून ठेवली आणि मनात म्हटलं, बस बाई आरामात.

अडीच महिने ती तिथं होती. सकाळी पाणी भरलं की दुपारपर्यंत ओली हवा. दुपारी टाकी संपली किंवा वीज गेली की कोरडा फुफाटा. पुन्हा पाणी, पुन्हा ओल. लाकूड रोज फुगत होतं आणि रोज आकसत होतं, तेही एकाच बाजूनं, कारण दुसरी बाजू भिंतीकडं होती. हे सगळं आज कळतं. तेव्हा मी मागून आणलेली गिटार घेऊन गावोगाव वाजवत हिंडत होतो. गजूची बाहेर न्यायची नाही, जपायची, असं ठरवलं होतं ना. जूनच्या सुरुवातीला ती हातात घेतली तर पाठीवर क्षारांची पांढरी खार चढलेली. आमच्या पाण्याची खार कूलरच्या जाळीवर चढते तशीच. एका बाजूच्या तारा दांडीला टेकल्या होत्या. बुंध्याकडून, एक डोळा मिटून, दांडीवरून नजर टाकली. दांडी वाकली नव्हती, पिळली होती. ओलं फडकं पिळावं तशी. आतली सळई वाक काढते, पीळ काढत नाही.

खार मी ओल्या फडक्यानं घासून पुसली, झोताची खूणच उरू नये अशी. हे मी का केलं? घाबरलो होतो म्हणून, असं चाळीस वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरंच आहे. पण आणखी एक खरं आहे, ते या वयात सांगायला हरकत नाही. मला गजूचा हेवा वाटायचा. वाजवणारा मी होतो, पण ते दोघे गिटारवाले माझ्या बोटांकडं न बघता त्याच्या लाकडाकडं बघत होते.

गजू आला. गिटार घेतली, एक डोळा मिटला आणि तसाच बराच वेळ उभा राहिला.

"हे काहून झालं गा, वसंता?"

मी म्हणालो, "लाकूड कच्चं असेल."

एवढंच. आयुष्यात मी खोटं कमी बोललोय असं नाही, पण बाकीची आठवत नाहीत. त्यानं माझ्याकडं संशयानं पाहिलं असतं तर मी कदाचित तिथंच सगळं ओकून मोकळा झालो असतो. त्यानं गिटारकडंच पाहिलं. म्हणाला, "उस्ताद म्हणत होते तीन उन्हाळे. मी दोनच देले. माह्यीच चुकी." मग गिटार माझ्याच हातात देऊन म्हणाला, "राहू दे तुयापाशीच. मले पाहावत नाही." ऑर्डर देणाऱ्या दोघांना त्यानं स्वतः जाऊन सांगितलं की आमचं लाकूड कच्चं आहे, तुम्ही दुसरीकडून घ्या.

पुढच्या मार्चमध्ये तो एक सागवानी स्टँड खांद्यावर घेऊन आला. त्या दोन गिटारींचं कापलेलं लाकूड आणि उरलेल्या फळ्या जोडून त्यानं तो केला होता, आमच्या कूलरखाली ठेवायला. "जाड्या कामाले चालते हे लाकूड," तो म्हणाला. "बारीक कामाचं नाही." आणि थोडं थांबून हसत म्हणाला, "मी बी तसाच."

तेव्हापासून दर मार्चला गजू यायचा. आम्ही घर बदललं, वडील गेले, कूलरचा पत्रा गंजून दोनदा नवा झाला, स्टँड तोच. गजू ताट्या बदलायचा, मोटर तपासायचा, पंप झटकायचा आणि मग भिंतीखाली बसून चहा प्यायचा. भिंतीवर एकेक करून गिटारी वाढत होत्या. प्रत्येक नवी गिटार तो हातात घ्यायचा, एक डोळा मिटून दांडी बघायचा आणि म्हणायचा, "सरळ आहे गा. पक्कं लाकूड." मी दर वर्षी ठरवायचो, यंदा सांगायचं. चहा संपेपर्यंत सांगायचं. चहा संपायचा. मी इतक्या गिटारी का जमवल्या याचं कारण लोक विचारतात तेव्हा मी संगीत, छंद वगैरे बोलतो. खरं कारण हेही असेल की दर मार्चला त्याच्या हातात द्यायला एक सरळ दांडी मला हवी असायची.

गेल्या पावसाळ्यात त्याच्या फुफ्फुसाचं निघालं. रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात तीन महिने होता, आमच्या जुन्या खोल्यांपासून चालत जाण्याच्या अंतरावर. मी रोज दुपारी जायचो. तिथली एसीची हवा त्याला आवडायची नाही. म्हणायचा, "या हवेले वासच नाही गा." मी त्याला मोसंबी सोलून द्यायचो, मॅचचा स्कोअर सांगायचो, दवाखान्यातल्या चहाला नावं ठेवायचो. रोज जाताना पायऱ्यांवर वाक्य जुळवायचो आणि रोज ते तसंच परत घेऊन यायचो. दिवाळी झाली आणि थंडीच्या सुरुवातीला तो गेला.

परवा त्याची मुलगी स्वाती आली. दुकान आता तीच चालवते. वाइंडिंगचं काम बापाच्या हाताखाली शिकली, आणि हात त्याच्याहून सफाईचा आहे असं तोच सांगायचा. हातात हत्यारांची पिशवी आणि ताट्यांचं भेंडोळं. "बाबा नेहमी पयले तुमचा कूलर करे," ती म्हणाली. "म्हणून म्या पण तुमचाच धरला."

मी भिंतीखाली बसून होतो, तिच्या बापासमोर बसायचो तसाच. ताट्या झाल्या, पंप झाला. मग तिनं पिशवीतून लेव्हल काढली, बुडबुड्याची नळी असते ती, आणि स्टँडच्या मोकळ्या कडेवर ठेवली. ठेवली आणि वाकून बघत राहिली. दुसऱ्या बाजूनं ठेवली. तिरकी ठेवली. पायांवर उभी धरली.

"काका, हे तेच लाकूड आहे ना? आमच्या धुऱ्यावरचं?"

"हो."

"चाळीस वर्षं पाण्यात उभं आहे. बुडबुडा मधोमध आहे, पाहा ना. सुताभर नाही हाललं." तिनं पेरानं टकटक केलं. बापासारखंच, कान लावून. "मंग बाबा कच्चं काहून म्हणे?"

कूलर बंद होता. खोलीत ओल्या वाळ्याचा वास होता. मी सांगितलं. जुळवून ठेवलेलं एकही वाक्य आठवलं नाही. कूलरसमोर मी ठेवली होती, खार मी पुसली, लाकडाला दोष मी दिला, असं तुटक तुटक काहीतरी बोललो.

स्वातीनं लेव्हल उचलली. पान्हे, पेचकस एकेक करून पिशवीत ठेवत राहिली. मग खाली बघतच म्हणाली, "माह्या लग्नात दिवाण घ्याले गेलो होतो. बाबानं हात नाही लावला लाकडाले. दुकानदारासमोर म्हणे, मले लाकूड समजत नाही, तूच पाह्य. मले तेव्हा रागच आला होता त्याचा."

तिनं पिशवीचं तोंड बांधलं.

"तुम्ही रोज येत होते ना दवाखान्यात."

"हो."

"तेव्हा सांगाचं होतं, काका."

तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं. मी उठलो, कपाटावरून गिटार काढली, चादर सोडली आणि तिच्यासमोर धरली. तुझ्या बाबाची आहे, घेऊन जा, म्हणालो. तिनं ती हातात घेतली. पॉलिशवरून हात फिरवला, पिकअपवर बोट ठेवलं. एक डोळा मिटून दांडीवरून नजर टाकली. मग चादरीसकट माझ्या हातात परत दिली.

"ही राहू द्या तुमच्यापाशी," ती म्हणाली. "मले तो स्टँड द्या."

आम्ही दोघांनी मिळून कूलर खाली उतरवला. अंगणातल्या विटा आणून मी त्यांच्यावर तो ठेवला. सुनंदा आतून येऊन दारात उभी राहिली. स्वातीनं स्टँडच्या पायांवरची पांढरी खार आपल्या ओढणीनं पुसून काढली आणि तो ऑटोपर्यंत स्वतः उचलून नेला, मला हात लावू दिला नाही. मी फाटकाशी थांबलो. ऑटोवाला स्टँड मागच्या सीटवर चढवताना वाकला.

"बापरे, लय वजन आहे. कशाचं आहे हे, ताई?"

"साग आहे," स्वाती म्हणाली. "आमच्या धुऱ्यावरचा. पक्का."

तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. ऑटो वळेपर्यंत मी तिथंच उन्हात उभा होतो.